लशीतल्या वासराबद्दल सांगायचंच असेल, तर पूर्ण सांगा

मुंबई, ठाणे, विरार, पुणे आणि आता मस्कत-दुबईपर्यंत पांगलेल्या आमच्या वाडीच्या समस्त चाकरमान्यांना, सप्रेम नमस्कार.

पत्र उघड लिहितोय, कारण तुमचा निरोपही उघडच आला होता. ‘लशीत वासराचं रक्त! आपल्या मुलांना वाचवा!’ खाली हात जोडलेले, लाल दिवे पेटलेले, लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. पुढे पाठवणाऱ्यांत मात्र आपल्या वाडीतले नऊ जण. मी मोजले. निवृत्त माणसाला वेळ असतो.

तुमच्यातले बरेच जण मला ‘ढोरांचो डॉक्टर’ म्हणूनच ओळखतात. मी डॉक्टर नव्हतो, पशुधन पर्यवेक्षक होतो. चौतीस वर्षं सिंधुदुर्गातल्या गोठ्यांतून फिरलो, लाळ्या-खुरकुताच्या लशी टोचल्या, अडलेली वासरं ओढून काढली, गोचिडं वेचली. माणसांच्या औषधांबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, असं कुणाला वाटलं तर ते बरोबरच आहे. पण तुम्ही वासरावर बोललात, आणि वासरं माझ्या हाताखालून गेलीत.

तुमच्या निरोपाचं पुढे काय झालं ते आधी सांगतो. शेजारच्या घरात सून बाळंतीण होती. सहाव्या आठवड्याची लस आली तेव्हा बाळाच्या आजीने आशाताईला पडवीतूनच परत पाठवलं. “माझ्या नातीक वासराचा रगात नको,” म्हणाली. दहावा आठवडाही तसाच गेला. चौथ्या महिन्यात पोरीला उलट्या-जुलाब लागले, दोन दिवसांत टाळू खोल गेली, डोळे आत गेले, आणि रात्री रिक्षा काढून तिला दवाखान्यात न्यावं लागलं. सलाइनवर चार दिवस काढून पोर घरी आली. तो रोटाव्हायरसच, म्हणजे ज्या जुलाबाच्या विषाणूवर लस देतात तोच, होता का, हे कुणी तपासलं नाही. लस घेतली असती तर हे झालंच नसतं, असंही मी म्हणणार नाही. पण आजी जे ‘नको’ म्हणाली ते तुमच्या भरवशावर म्हणाली, एवढं लक्षात घ्या.

आता त्या रक्ताबद्दल. तुमच्या निरोपात काहीच खरं नाही असं म्हटलं तर मीही तुमच्यासारखाच अर्धवट बोलणारा ठरेन.

हा वाद पेटला तो जून २०२१ मध्ये, कोव्हॅक्सिनवरून. विषाणूवर लस करायची तर विषाणू आधी वाढवावा लागतो, आणि तो जिवंत पेशीतच वाढतो. कोव्हॅक्सिनसाठी ज्या पेशी वापरल्या त्या व्हेरो पेशी. आफ्रिकेतल्या एका माकडाच्या मूत्रपिंडातून १९६२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्या वेगळ्या केल्या, तेव्हापासून त्या जगभरच्या प्रयोगशाळांत पिढ्यानपिढ्या वाढवल्या जातात. या पेशींना वाढायला खुराक लागतो आणि त्या खुराकात वासराच्या रक्तातलं सीरम असतं. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारं पिवळसर पाणी. केंद्र सरकारने तेव्हाच खुलासा केला होता की नवजात वासराचं सीरम फक्त पेशी वाढवायला लागतं. नंतर पेशी अनेकदा धुतात, मग त्यांत विषाणू सोडतात, विषाणू वाढताना पेशी नष्ट होतात, विषाणू मारून शुद्ध करतात आणि तयार लशीत सीरम उरत नाही. पोलिओ, रेबीज यांच्या लशींनाही कित्येक दशकं हीच रीत आहे.

म्हणजे कुपीत वासराचं रक्त नाही, पण कुपीपर्यंतच्या वाटेवर वासरू आहे.

आणि त्या वाटेचा एक भाग बघवणारा नाही, तोही लपवत नाही. प्रयोगशाळांत सगळ्यात जास्त वापरलं जातं ते न जन्मलेल्या वासराचं सीरम. कत्तलखान्यात कापलेली गाय गाभण निघाली, तर पोटातल्या वासराच्या काळजातून ते रक्त घेतात. न जन्मलेलंच का? ज्याने गाय पाळली आहे त्याला हे चटकन कळेल. माणसाच्या बाळाला आईकडून रोगाशी लढणारी प्रतिपिंडं वारेतूनच मिळतात. गायीच्या वारेतून ती पलीकडे जात नाहीत. वासरू कोरं जन्माला येतं, म्हणून तर आपण व्यायल्यावर पहिल्या काही तासांत त्याला चीक पाजायची घाई करतो. चीक पोटात जाईपर्यंत त्याच्या रक्तात प्रतिपिंडं जवळजवळ नसतात. प्रयोगशाळेला नेमकं तेच हवं असतं, कारण प्रतिपिंडं असली तर ती वाढवायच्या विषाणूलाच मारतील. मला स्वतःला हे वाचून बरं वाटलं नव्हतं. सीरमशिवाय पेशी वाढवायच्या पद्धती आता निघाल्या आहेत, काही लशींना वापरल्याही जातात, आणि त्या जितक्या लवकर सगळीकडे येतील तितकं चांगलं. त्यासाठी आवाज उठवायचा असेल तर उठवा, सही करायला मी पहिला येईन. पण त्यासाठी शेजारच्या पोरीची लस चुकवायची गरज नव्हती.

आपल्या भाषेत तर हे वासरू शब्दातच बसलंय. जखमेतून पाझरतं ते पातळ पाणी म्हणजे ‘लस’, हे आपल्या आज्या अजून म्हणतात. आमच्या पिढीच्या दंडावर देवीचे वण आहेत, ती देवीची लस म्हणजे खरोखरच वासराच्या फोडातली लस होती. वासराच्या पोटाची कातडी भादरायची, ओरखडे काढून त्यात बीज घालायचं आणि चारपाच दिवसांनी आलेल्या फोडांतून ते गोळा करायचं. आपल्या डोक्यावर, घाट चढून गेलं की बेळगाव. तिथल्या व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटमध्येही देवीची लस बनत असे.

सुरुवात इंग्लंडात झाली हे शाळेत शिकलात. १४ मे १७९६ रोजी एडवर्ड जेन्नरने एका गवळणीच्या हातावरच्या फोडातली लस आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचली. तिला ते फोड ज्या गायीपासून आले, तिचं नाव ब्लॉसम, आणि तिचं कातडं लंडनच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अजून भिंतीवर टांगलेलं आहे. गायीला लॅटिनमध्ये ‘व्हाका’ म्हणतात, त्यावरून व्हॅक्सिन. पण पुढचं तुमच्या मुंबईचं आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही. ही लस बगदाद, बसरा अशी मजल दरमजल करत, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी जिवंत ठेवत मुंबईला आली, आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. भारतात लस लागू पडलेली ती पहिली. देशभर देवीची लस गेली ती तिच्या दंडावरून. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवी जगातून गेल्याचं जाहीर केलं. आपल्या वाडीत तुमच्यातल्या कुणाच्याही मुलाच्या तोंडावर देवीचे व्रण नाहीत, ते यामुळे.

खरं तर पुढे तपासात निघालं की देवीच्या लशीतला विषाणू गायीच्या देवीचा नव्हेच, तो वेगळा आहे आणि घोड्याच्या देवीला जवळचा आहे. गायीचं श्रेय त्याने थोडं कमी होतं, होऊ दे. त्याचा एक अगदी सख्खा नातेवाईक आपल्याकडे म्हशींना होतो. सडांवर फोड येतात आणि दूध काढणाऱ्याच्या बोटांवरही उठतात. २००९ मध्ये कोल्हापुराकडे तो बराच दिसला होता. जेन्नरच्या गवळणीची गोष्ट सांगायला इंग्लंडला जायची गरज नाही.

आणि निरोप पसरवायची खोड काही तुमच्यापासून सुरू झालेली नाही, याचाही दिलासा देतो. १८१९ मध्ये मद्रासच्या एका वर्तमानपत्रात एक संस्कृत उतारा छापून आला. गायीच्या सडावरच्या फोडाची लस टोचायची विद्या आपल्याकडे पूर्वापार असून खुद्द धन्वंतरीने सांगितली आहे, असा त्यात दावा. तो जुना ग्रंथ कुणाला कधी सापडला नाही. लोकांनी गायीच्या नावावर लस घ्यावी म्हणून कुणीतरी ते रचलं, असं इतिहासकार मानतात. हेतू चांगला होता. तेव्हा गायीच्या नावाने लस घ्या म्हणून थाप, आता वासराच्या नावाने घेऊ नका म्हणून थाप. दोन्ही वेळा गायीला कुणी विचारलं नाही.

आता त्या आजीकडे परत येतो, कारण मला जे सांगायचंय ते तिच्यापाशीच आहे.

पोर घरी आल्यावर मी तिच्या पडवीत जाऊन बसलो. मनात होतं की सांगावं, “आजी, लशीत वासराचं काही नसतं.” मग वाटलं, हे खोटं आहे. रोटाव्हायरसच्या लशीत तर वासराचं आहेच, सीरमपेक्षा कितीतरी जास्त.

झालं असं. वासरांना जन्मल्यावर पहिल्या पंधरवड्यात हगवण लागते, हे तुमच्या आईला विचारा. पिवळी-पांढरी, पाण्यासारखी. वासरू सकाळी उड्या मारत असतं आणि संध्याकाळी मान टाकतं. माझ्या नोकरीत मी सगळ्यात जास्त वासरं यात गमावली. १९६९ मध्ये अमेरिकेत, नेब्रास्कात, चार्ल्स मेबस यांनी या हगवणीमागचा एक विषाणू सूक्ष्मदर्शकात दाखवला. पुढे १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जुलाबाने आजारी मुलांच्या आतड्यात तसाच विषाणू दिसला. चाकासारखा गोल, म्हणून रोटा. लहान मुलांच्या जिवावरच्या जुलाबाचं एक मोठं कारण तेव्हा पहिल्यांदा सापडलं, आणि वासरांवर काम केलेल्या माणसांना ते ओळखीचं वाटलं.

जेन्नरचीच युक्ती पुन्हा कामी आली. वासराचा रोटा माणसाच्या बाळाला फारसा आजारी पाडत नाही, पण बाळाच्या शरीराला शत्रूचा तोंडवळा थोडाफार दाखवतो. नुसता वासराचा विषाणू पुरेना, कधी लागू पडे, कधी नाही. या विषाणूचा वारसा अकरा तुकड्यांत असतो, आणि दोन जातींचे विषाणू एकाच पेशीत शिरले की तुकड्यांची अदलाबदल होते. तेव्हा शास्त्रज्ञांनी ती मुद्दाम घडवून आणली आणि जे हवं ते निवडलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासिल ही लस अशीच. ब्रिटनमधल्या एका वासरातून मिळालेल्या विषाणूचे दहा तुकडे, आणि वरच्या कवचाचा एक तुकडा माणसाच्या विषाणूचा. असे पाच प्रकार एकत्र. भारत बायोटेकच्या रोटाव्हॅकची गोष्ट तर आणखी गमतीची. तिचा विषाणू १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत सापडला. बाळांना संसर्ग होता, पण जुलाब नव्हते. तो मूळचा माणसाचा, पण त्यात एक तुकडा गोवंशातल्या विषाणूचा निघाला. कुणी प्रयोगशाळेत घातला नव्हता, कुठेतरी माणूस आणि गुरं जवळजवळ राहतात तिथे आपोआप आला होता. आपल्या घरात पडवीला लागूनच गोठा असायचा, तसंच काहीसं.

रोटाव्हायरसची लस २०१६ पासून राष्ट्रीय लसीकरणात आली, सुरुवातीला चार राज्यांत, मग देशभर. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तोंडातून देतात. सुई नाही. ती सगळं थांबवते असं नाही. रोटाव्हॅकच्या भारतातल्या मोठ्या चाचणीत पहिल्या वर्षात तीव्र रोटा-जुलाब सुमारे ५६ टक्क्यांनी कमी झाले. निम्म्याहून थोडे जास्त. ज्यांनी रात्री रिक्षा शोधली आहे त्यांना निम्मं म्हणजे किती ते विचारा.

हे सगळं मी आजीला सांगितलं, तुकडे वगैरे सोडून. वासराच्या हगवणीचं दुखणं पातळ करून, त्याला माणसाच्या दुखण्याचा अंगरखा घालून बाळाला चाखवतात, असं म्हटलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, “म्हणजे पाडीचा दुखणा आमच्या नातीची राखण करतला?” मी म्हटलं, साधारण तसंच. “मगे तसा सांगूक काय झाला होता तुमका?” पहिला डोस वर्षाच्या आत देता येतो, म्हणून पोरीला तो मिळाला. उशिरा का होईना.

आजी शाळेत गेलेली नाही. पण आयुष्यभर तिने गोठा केलाय. तिला वासराचं नाव ऐकून धक्का बसला नव्हता, कुणीतरी आपल्यापासून काही लपवतंय याचा बसला होता. आशाताईलाही दोष देत नाही, तिला जे शिकवलं तेच ती सांगते, ‘लस सुरक्षित आहे, घ्या.’ तिला हेही शिकवायला हवं होतं, ही माझी तक्रार आहे, आणि ती मी वेगळ्या पत्रात केली आहे.

गायी-वासरांकडून माणसाला आणखी काय मिळू शकतं, त्यातल्या दूरच्या गोष्टी थोडक्यात. गायीला एचआयव्ही होत नाही. तरी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी चार वासरांना त्या विषाणूच्या कवचासारखं एक प्रथिन टोचून पाहिलं. माणसात अनेक जातींच्या एचआयव्हीला अडवणारी प्रतिपिंडं मोजक्याच रुग्णांत आणि तीही काही वर्षांनी तयार होतात. या वासरांत ती काही आठवड्यांत आली, आणि एका गायीच्या रक्ताने ३८१ दिवसांनी तपासलेल्या विषाणूंपैकी ९६ टक्क्यांना रोखलं. गायीच्या काही प्रतिपिंडांना एक लांबलचक बोट असतं, माणसाच्या कितीतरी पट लांब, आणि ते विषाणूच्या कवचातल्या खाचेत शिरतं. रवंथ करणाऱ्या पोटातल्या असंख्य जंतूंशी जमवून घेताना गायीला हे लागलं असावं, असा काहींचा तर्क आहे. लगेच ‘दूध प्या, एड्स टाळा’ असा निरोप कुणी काढू नका. हे संशोधन आहे, औषध नाही. अमेरिकेतच साउथ डकोटात अशा गायी वाढवल्यात ज्यांच्यात माणसाच्या प्रतिपिंडांची जनुकं बसवली आहेत. त्यांना रोगाचा अंश टोचला की त्या माणसाचीच प्रतिपिंडं तयार करतात, आणि एकेका गायीकडून महिन्याला ३० ते ४५ लिटर प्लाझ्मा मिळतो, असं ते सांगतात. मर्स या श्वसनाच्या रोगावर आणि कोविडवर त्यांच्या चाचण्या माणसांत झाल्या. कोविडचं औषध बाजारापर्यंत पोचलं नाही.

आपल्या दारातलं मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. माकडताप. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा विषाणू २०१६ मध्ये दोडामार्गात आला आणि माणसं गेली. तो गोचिडीतून येतो. माकडं मरतात, मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि काजूच्या बिया वेचायला, पातेरा गोळा करायला गेलेल्या माणसाला चावतात. गुरांना हा ताप येत नाही. पण वाढलेल्या गोचिडीचं पोट गुरांवर भरतं आणि गुरंच तिला रानातून गोठ्यापर्यंत आणतात. आता उलटी बाजू बघा. जे जनावर रोज रानात जातं आणि आजारी न पडता परत येतं, त्याच्या अंगावरची गोचीड आणि त्याच्या रक्तातली प्रतिपिंडं तपासली तर त्या रानात काय फिरतंय ते माणूस तापाने पडायच्या आधी कळू शकतं. २०११ मध्ये गुजरातेत क्रिमियन-काँगो ताप, हाही गोचिडीतून येणारा, निघाला, त्यानंतर पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेने, असंच केलं, राज्याराज्यांतल्या गुरा-मेंढरांचं रक्त तपासून तो रोग कुठे कुठे पोचलाय ते पाहिलं.

हे तुम्हाला का सांगतोय? माझ्या शेवटच्या वर्षांत एकदा गुरांचं रक्त आणि गोचिडी घ्यायला पथक आलं होतं. बरोबर मी होतो. एका गोठ्यात चार कपिला, आपली कोकणातली बुटकी, पावसात टिकणारी जात, जिला तुम्ही ‘लिटरभर दुधाची’ म्हणून हसता. राखणारा चुलता तयार होता. त्याने विचारायला म्हणून मालकाला फोन लावला, मालक डोंबिवलीत. “आमची गुरं आजारी नाहीत, रक्त कशाला काढता?” फोन बंद. पुढच्या दोन गोठ्यांतही तेच. पथक संध्याकाळी रिकाम्या नळ्या घेऊन गेलं. आता त्या चार कपिला नाहीत. विकल्या, आणि गोठ्याच्या जागी तुमच्या गाड्या लावायला सिमेंट घातलंय.

म्हणून मागणं एवढंच. रक्त घ्यायला कुणी आलं तर फोनवरून नाही म्हणू नका, पाच मिलिलिटरने गाय आटत नाही. काजूच्या दिवसांत बागेत मेलेलं माकड दिसलं तर त्याचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी आरोग्य केंद्राला फोन करा, आणि त्याला हात लावू नका. रानातून आल्यावर ताप भरला तर डॉक्टरला रानात गेलो होतो हे आपणहून सांगा. आणि वासराबद्दल काही पाठवायचं असेल, तर आधी मला विचारा. माझा नंबर ग्रुपवर आहेच, रोज सकाळी तुमची सुप्रभात त्याच्यावर येतात.

माझी तांबडी गाभण आहे, हिशेबाने गौरी-गणपतीच्या सुमारास व्यायची. पहिला चीक वासराचा, त्यात वाटा मागू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा उरला तर खरवस करून ठेवतो. पोरांना घेऊन गोठ्यात या, आणि त्या आजीच्या पडवीतही जाऊन या.

तुमचाच,
वाडीतला ढोरांचो डॉक्टर
(निवृत्त)